मागच्या सीटची किंमत

"आनंदभाऊ, ही सायकल आजच इकाची आहे. किती येतील तेवढं सांगा."

जून बासष्टची सकाळ. दुर्गजवळच्या कारखाना-वसाहतीत, सेक्टर एकमधल्या क्वार्टरच्या ओट्यावर आनंदराव दाढी करत होते. अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून त्यांनी मान वर केली. दारात तुळसाबाई. तिच्यामागे तिचा धाकटा भाऊ केवलराम, डोक्याला गमछा घट्ट गुंडाळून. आणि त्याच्या हातात सव्वा वर्षापूर्वी नाहीशी झालेली सायकल.

सायकलीबरोबर तुळसाबाईचा मुलगाही नाहीसा झाला होता. देवीदास. वय चोवीस.

"कुठं सापडली?"

"शिवनाथच्या पुलाखाली, बाबूजी," केवलराम म्हणाला. "झुडपात पडून होती. परवा दिसली."

"आणि देवीदास?"

"अब क्या बोलू? सायकल नदीवर, त माणूस नदीतच असन ना."

तुळसाबाई खुर्चीवर बसली. बाई अगदीच बुटकी. पाय जमिनीला टेकेनात, तेव्हा तिने ते सवयीने वर ओढून मांडीखाली घेतले.

"सायकल इकून त्याची तेरवी करून टाकू," ती म्हणाली. "घरात ठेवली त मी पागल होईन."

आनंदरावांची तीस वर्षं दुर्ग स्टेशनच्या पार्सल ऑफिसात गेली होती. न्यायला कुणी आलंच नाही, अशा मालाची लिलावाआधी किंमत लावायची, हे त्यांचं काम. बेवारस ट्रंका उघडून उघडून मालकांची गुपितं त्यांना इतकी कळली होती की जिवंत माणसांशी बोलताना ते जरा कंटाळत. मजूर-कॅम्पातली माणसं अजूनही जुनी वस्तू विकायची झाली की त्यांच्याकडेच येत.

ही सायकल मात्र त्यांना तोंडपाठ होती. देवीदासचे वडील दौलतराव एका ठेकेदाराकडे मुकादम होते. त्यांचा डावा पाय गुडघ्यात वाकत नसे. देवीदासने मागे लोखंडी अँगलची सीट वेल्ड करून घेतली, ताठ पायासाठी डाव्या अंगाला पुढे आलेली लांब पट्टी ठोकली, आणि रोज सकाळी बापाला कामावर नेऊन सोडू लागला. एक दिवस समोरून मुरमाचा ट्रक आला. बाप जागीच गेला. मुलाचं कोपर खरचटलं.

तिसऱ्या दिवशी मुलगा सायकल घेऊन निघाला तो परत आलाच नाही.

"तुळसाबाई, त्या दिवशी घरात काय बोलणं झालं?"

"काई नाही."

"माल पाहण्याआधी मी पावती मागतो. सांगा."

तिने लुगड्याचा काठ बोटाला गुंडाळला, सोडला, परत गुंडाळला.

"मी म्हटलं त्याले... 'त्यायले नेलं देवानं, तुले कावून नाही नेलं?'" तिने काठ बोटावर आवळला. "एवढंच. तो उठला, सायकल काढली. मले वाटलं, दुकानात चालला. तेवढं वापस घ्याचं होतं भाऊ. तेच मनात धरून बसली होती. आता कोनाजवळ घेऊ?"

 आनंदराव उठून सायकलीपाशी गेले.

"मूळची विलायती आहे. हात लावला नसता तर ऐंशी आले असते," ते पुटपुटले. "अँगलची सीट, दहा कमी. डाव्या अंगाची लांब पट्टी..."

पट्टी नव्हती. नुसती दोन भोकं होती.

तिच्या जागी पाय टेकवायच्या दोन लाकडी पायऱ्या बसवल्या होत्या, दोन्ही डाव्याच बाजूला, शेजारी शेजारी, आणि सीटच्या बऱ्याच जवळ. आनंदरावांनी मोजलं. दीड वीत. सीटही रुंद केलेली, आडवी. मागच्या चाकाच्या डाव्या अंगाला मडगार्डपासून आसापर्यंत सुती दोरीची जाळी विणलेली. दोरी पांढरी होती.

"आणखी पंधरा कमी," ते म्हणाले. "सायकल जितकी एकाच माणसाच्या मापाची करत न्यावी, तितकी ती दुसऱ्याला नको होते. केवल, गेल्या पावसाळ्यात त्या पुलाखाली पाणी किती होतं?"

"कमरेच्या वर असन, बाबूजी."

"आणि ही तिथंच पडून होती?"

"तिथंच."

"इथवर हातात धरून आणली?"

"चालवत आनली."

"बिनबिल्ल्याची?"

केवलरामचा हात आपोआप हँडलकडे गेला. तिथे पितळी बिल्ला होता. सायकलीचा सालाचा कर भरला की नगरपालिका तो देते. तो नसला तर शिपाई अडवतो आणि दंड करतो.

आनंदरावांनी त्याचं बोट हलकेच बाजूला केलं. "राजनांदगाव नगरपालिका. साल बासष्ट-त्रेसष्ट. एप्रिलनंतरचा. वा! नदीतल्या माणसानं रांगेत उभं राहून कर भरला म्हणायचा."

तुळसाबाईचे पाय खुर्चीवरून खाली आले आणि अधांतरी लोंबकळले.

"काय म्हनून राहिले तुमी?"

"सुती दोरी एका पावसाळ्यात कुजते, ही कोरी आहे. सीटचं चामडं भिजून फुगलेलं नाही. ही सायकल नदीवर नव्हती. केवल राजनांदगावला रेल्वेत पॉइंट्समन आहे, रूळ बदलणारा. सिग्नल पडल्याशिवाय हा रुळाला पाय लावत नाही. राजनांदगावाहून बिल्ल्याशिवाय सायकल रस्त्यावर काढायची छाती त्याच्यात नाही. म्हणून त्यानं बिल्ला राहू दिला, आणि इथं येऊन काढायचा विसरला. खोटं बोलायचं तर थोडा बेकायदेशीरपणा अंगात लागतो, केवल."

"माहा देवा जिता आहे?" तुळसाबाई उभी राहिली. "राजनांदगावात? अन् ही जाळी... लुगडं चाकात जाऊ नये म्हनून असते ना? बाईमानसासाठी? लगन केलं का त्यानं? करू दे! कोनाशीबी करू दे. चला, आत्ता जाऊ!"

ती खरोखर हसत होती. आनंदरावांनी नजर वळवली. पार्सल ऑफिसात कधी कधी लिलावाच्या दुसऱ्या दिवशी मालक धावत येई. माल आदल्या दिवशीच गेलेला असे. तेव्हाही त्यांना असंच उभं राहावं लागे.

"केवल," ते हळूच म्हणाले, "गमछा काढ."

"ऊन लागते, बाबूजी."

"ओट्यावर सावली आहे. तुझ्या केसांचा तोरा सगळ्या लाइनीला माहीत आहे. रोज तेल, मधोमध भांग. काढ."

केवलरामने गमछा काढला. डोक्यावर जेमतेम नखभर केस होते.

तुळसाबाई त्या डोक्याकडे बघत राहिली. डोकं कधी आणि कोणासाठी उतरवतात हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. सव्वा वर्षापूर्वी देवीदासने तिच्यासमोरच उतरवलं होतं.

"महिना झाला असेल," आनंदराव म्हणाले. "अग्नी तूच दिलास. बोल आता."

केवलराम ओट्याच्या पायरीवर बसला.

"बाई, तो घरून निघाला त सरळ माह्याकडं आला. तिथंच सायकलच्या दुकानात लागला. त्यानं शपथ घातली होती, आईले सांगशीन त मी इथूनबी जाईन. मी मुंडी हलवली. वाटलं, चार महिन्यात राग निवन."

"माह्यावर राग होता त्याचा?"

"नाही ना, बाई! तो म्हने, आई मनातून नाही बोलली, मले मालूम आहे. पन तिच्यासमोर उभं राहाची हिंमत होत नाही. मंग यंदा चैतात स्वतःच बोलला, अक्षय तृतीयेले बाबाच्या नावाची घागर भराले घरी जातो. दुकानात बसून हे सगळं केलं. पट्टी काढली, पायऱ्या लावल्या, जाळी विनली." त्याने नाक पुसलं. "चार दिवस आधी उन्हाची लू लागली. दोन दिवसात गेला."

"अन् तू नदी दाखवली मले?"

"मले वाटलं, तो पहिल्याच दिवशी गेला असं समजलीस, त कमी दुखन. सव्वा साल तो वीस मैलावर होता, हे कोन्या तोंडानं सांगू?"

"वीस मैल," तुळसाबाई म्हणाली.

केवलराम गमछा हातात पिळत राहिला.

"वीस मैल, केवल. मी पायी आली असती."

केवलराम ओंजळीत तोंड घालून रडू लागला. तिने त्याला मारलं नाही. जवळही घेतलं नाही. मग तिनेच विचारलं, "अन् ती? जिच्यासाठी जाळी केली? तिले कोन पाहून राहिलं?"

आनंदरावांच्या गालावरचा साबण केव्हाच वाळून गेला होता.

"दौलतरावांची ती पट्टी हातभर लांब होती," ते म्हणाले. "ह्या पायऱ्या सीटपासून दीड वितीवर. एवढ्या आखूड पायांची बाई देवीदासच्या ओळखीत एकच होती, तुळसाबाई. कोणत्याही खुर्चीवर बसली तरी तिचे पाय जमिनीला पोचत नाहीत. माप घ्यायला तुम्ही समोर नव्हतात. आठवून केलंय त्यानं."

तुळसाबाई सायकलीपाशी आली. केवलरामने उठून हँडल घट्ट धरलं. तिने लुगडं सावरलं आणि मागच्या सीटवर आडवी बसली. एक पाय खाली गेला, मग दुसरा.

दोन्ही पाय पायऱ्यांवर नीट टेकले. बोटभरही अंतर राहिलं नाही.

ती तशीच बसून राहिली. हात पुढे गेला आणि पुढच्या रिकाम्या सीटची कड धरून थांबला.

"किती म्हटली किंमत, भाऊ?"

"बाजारात हिला गिऱ्हाईक नाही," आनंदराव म्हणाले.

"बरं झालं," ती म्हणाली. "केवल, ढकल. घरी चाल. हळू."