चाचणीचा नवरदेव

टॅमझिनच्या कॅमेऱ्यावर कुणीतरी छत्री धरली, आणि ती वळून बघायच्या आतच त्याने विचारलं, "कॅमेरा भिजला तर जास्त रडाल, की नवरी भिजली तर?"

"नवरी वाळते," ती म्हणाली.

होबार्टचा वारा त्या दिवशी अगदी पिसाटला होता. मांडव उडायच्या बेतात, नवरीचा मामा खुर्च्या धरून बसलेला, आणि हा लालसर दाढीचा बाप्या स्वतः चिंब भिजत दुसऱ्याच्या कॅमेऱ्यावर छत्री धरून उभा! नाव ॲलस्टर. वेबसाइट बनवायचा, आणि उन्हाळा लागला की जहाजाने अंटार्क्टिकाच्या तळावर यंत्रं सांभाळायला जाणार होता. ते चांगलं सव्वा वर्षासाठी. तिकडची जहाजं होबार्टच्या बंदरातूनच सुटतात, त्यामुळे इथे याचं कुणाला कौतुक नाही. गल्लीत एखादा तरी तिकडे राहून आलेला असतोच.

केक खाताना त्याने विचारलं, "फोटो लोकांना दाखवता कसे?"

"पेन ड्राइव्ह पोस्टाने पाठवते. मग ते फोन करून आवडलेल्या फोटोंचे नंबर वाचून दाखवतात."

"अरे देवा! आणि तुमची वेबसाइट काय धूळ खायला ठेवलीय?"

पुढच्याच आठवड्यात स्वारी तिच्या स्टुडिओत हजर, फोटोंची गॅलरी बनवून द्यायला. गिऱ्हाइकाने पासवर्ड घालायचा, घरबसल्या फोटो बघायचे, आवडेल त्यावर बदाम दाबायचा, खाली शेरा लिहायचा. बदामवाले तेवढे छापायचे. मुदत संपली की गॅलरी बंद. सगळं तिच्याच वेबसाइटवर. मुदतीसाठी टॅमझिन हटूनच बसली होती.

"लोकांना निवडता येत नाही हो. एका जोडप्याचं मूल चालायला लागलं, तरी अल्बम ठरेना."

"आणि तुम्हाला येतं वाटतं?"

"मी फोटो काढते. निवडायचं दुसऱ्यांनी."

चाचणीसाठी एक खोटी गॅलरी हवी होती. तिने टाकाऊ फोटो भरले आणि ॲलस्टर झाला गिऱ्हाईक. नाव घेतलं 'घाबरलेला नवरदेव'. मग काय विचारता! एकाच टेबलाशी, एकाच किटलीतला चहा पीत दोघं आपापल्या पडद्यावर टकटक करत बसायचे.

'यात माझं नाक फार मोठं आलंय,' नवरदेव लिहायचा. फोटो असायचा सीगलचा.

'आहे तेवढंच येणार. आपली विश्वासू, टॅमझिन.'

'काचेत फोटोवाली दिसतेय. हाच मोठा करून द्या...' आणि वर बदाम.

ती मान वर करायची नाही. कान मात्र लालभडक! 'अहो'चं 'अगं' कधी झालं, ते दोघांनाही कळलं नाही.

जायचे दिवस जवळ आले. त्याने जाऊ नये असं तिला फार, फार वाटत होतं. पण तिचा आधीचा नवरा तिच्यासाठी मेलबर्नची नोकरी सोडून आला होता, आणि लग्न मोडेपर्यंत जेवताना रोज तेच ऐकवत होता. पुन्हा म्हणून कुणाला 'थांब' म्हणायचं नाही, असं तिने ठरवून टाकलं होतं. त्याने आपणहून विचारलं तर गोष्ट वेगळी. पण तो विचारेल तर ना! वेडा कुठला.

"शुक्रवारपर्यंत माघार घेता येते," तो एकदा म्हणाला. "बदली माणूस तयार असतो."

"मग?"

"मग काही नाही... सांगितलं आपलं."

त्या बुधवारी तो गेल्यावर तिने पहिली खरी गॅलरी करायला घेतली, जॉर्जी नावाच्या नव्या नवरीची. पहिल्यापासून सगळं कोण मांडणार? तिने खोट्या गॅलरीची नक्कल केली, टाकाऊ फोटो काढले, लग्नाचे घातले आणि लिंक पाठवून दिली. मूळची खोटी गॅलरी पुसून टाकली. तसं त्यानेच बजावलं होतं. फोटोंबरोबर त्यांच्याखालचे शेरेही गेले. पण गॅलरीच्या अगदी तळाशी फोटोवालीला निरोप लिहायची एक चौकट होती, ती नकलेत तशीच आली. तिथे तिने डोकावलंच नाही.

शनिवारी तो निरोप घ्यायला आला. जहाज दुसऱ्या दिवशी सकाळी सुटायचं होतं. तिने लोकरी मोजे दिले.

"ती आपली गॅलरी... दिसली नाही," तो म्हणाला.

"पुसली की. तूच म्हणालास ना?"

"हो. मीच म्हणालो." तो मोज्यांकडे बघत राहिला. "काही सांगायचंय?"

"जपून जा... पोचलास की कळव."

तो गेला. ती दार लावून तिथेच खाली बसली आणि पोटभर रडली.

रविवारी सकाळी जॉर्जीच्या आईचा, ग्लेनिसबाईंचा फोन. "काय गं बाई, हा कोण मेला माझ्या मुलीच्या गॅलरीत लिहून गेलाय? जावई तोंड फुगवून बसलाय!"

"काय लिहिलंय?"

"तळाला बघ. 'टेबलापलीकडून बोलायचा धीर होत नाही, म्हणून इथे लिहितोय. तू थांब म्हणालीस तर मी जात नाही. शुक्रवारपर्यंत वाट बघतो. घाबरलेला नवरदेव.' आमचा नवरदेव कुठे घाबरला होता? चांगला नाचत होता!"

"ग्लेनिस... ते जॉर्जीला नाही. मला आहे."

बाई ओरडल्या, "अगं मग माझ्याशी काय बोलत बसलीयस? पळ!"

ती पळाली. घरातल्या सपाता घालून, गाडी धक्क्यावर वाकडीतिकडी सोडून. दोर सुटले होते. जहाज आणि धक्का यांच्यामध्ये पाणी आलं होतं, आणि कठड्याशी लाल कोटांची गर्दी, सगळे एकसारखे. तिने फोन लावला.

"टॅमझिन?"

"मी वाचलं नव्हतं! न वाचताच पुसलं रे... आत्ता वाचलं, आत्ता!"

"मला वाटलं, पुसलंस म्हणजे तेच तुझं उत्तर..." तो म्हणाला. "वाचलं असतंस तर काय म्हणाली असतीस?"

'जा' म्हणणं सोपं होतं. त्याला तिकडे जिवाला घोर लागला नसता. तिच्या ओठांवर तेच आलं होतं.

"थांब," ती म्हणाली.

"पुन्हा म्हण."

"थांब. थांब ना रे!"

कठड्यावरच्या एका लाल कोटाने हात वर केला. धक्क्यावरची माणसं वळून बघायला लागली, बघेनात का! पाणी रुंदावत गेलं, आवाज तुटायला लागला, तरी ती फोन कानाशी धरून तेच म्हणत राहिली. जहाज काही थांबलं नाही.