अण्णांची बिडी आणि वरच्या मजल्यावरचे सर

जिन्याच्या वळणावर दोघं एकमेकांवर आदळले, आणि रेणुकाला आधी वास आला. बिडीचा.

"लागलं तर न्हाई?" त्यानं विचारलं. वरच्या मजल्यावर नुकताच राहायला आलेला अश्वजित, लातुरात क्लासच्या पोरांना बायोलॉजी शिकवणारा. डोळे देखणे… पण नजर लगेच चुकवली.

त्याच्या मागून तिचे वडील, रामकिशनअण्णा, खोकत वर आले.

"कुठं गेलता?" रेणुकानं विचारलं.

"फिरायला," दोघं एकदमच म्हणाले.

तिथंच तिला खटकलं.

अण्णांच्या फुप्फुसात कॅन्सरची गाठ होती. नांदेडच्या डॉक्टरांनी ऑपरेशनला महिन्यानंतरची तारीख दिली होती आणि बजावलं होतं, आजपासून बिडी बंद. ओढत राहिले तर ऑपरेशननंतर कफ साठेल, न्यूमोनियाची भीती, जखमही लवकर भरणार नाही. भूकंपात रेणुकाची आई गेली. नंतर पत्र्याच्या शेडमध्ये राहताना अण्णांना बिडीनंच सोबत केली होती. ती अशी सहज सुटणार होती? आणि हा मास्तर रोज त्यांना फिरायला नेत होता!

"सर, तुम्ही बिडी ओढता?" दुसऱ्या दिवशी तिनं त्याला दारातच गाठलं.

"अजून आपला चहाबी झाला न्हाई, अन् तुम्ही चौकशीच लावली."

"उत्तर द्या."

"चहा झाल्यावर."

तिला हसू आलं, आणि त्या हसण्याचाच राग आला. इतकं गोड बोलणारा माणूस नक्की काहीतरी झाकतो…

संध्याकाळी ती त्यांच्या मागोमाग निघाली. भुरभुर पाऊस होता. बागेतल्या बाकावर दोघं बसले. अश्वजितनं खिशातून काहीतरी काढून अण्णांच्या हातावर ठेवलं.

"मूठ उघडा, अण्णा," ती समोर जाऊन म्हणाली.

अण्णांनी मूठ उघडली. बडीशेप.

"ह्याला काय बघून राहिलीस रागानं?" अण्णा म्हणाले. "मी ह्याच्याकडं बिडी मागितली, तर म्हणला, मीबी सोडतो, दोघं मिळून सोडू. मी टिकलो. मास्तर घसरला."

"म्हणजे… काल जिन्यात?"

"मीच ओढली होती," अश्वजित हळूच म्हणाला. "अण्णा रस्ताभर रागावले."

"मग सांगितलं का नाही?"

"पहिल्याच भेटीत तुमच्यासमोर नापास… बरं दिसलं नसतं."

ऑपरेशन झालं. अण्णा नळी लावलेली असतानाच नर्सचा हात धरून व्हरांड्यात चालू लागले. फुप्फुस छान फुलतंय, डॉक्टर म्हणाले. रेणुकाला कितीतरी दिवसांनी भूक लागली.

क्लासला सुट्टी टाकून अश्वजित नांदेडला आला होता. व्हरांड्यातल्या बाकावर तिच्या शेजारी बसला.

"आता अण्णांचं भागलं," ती म्हणाली. "तुम्ही कोणासाठी सोडणार?"

"तुमच्यासाठी. तुम्ही रोज संशय घ्या, मी रोज उत्तर देतो… जन्मभर." त्यानं तिचा हात हातात घेतला.

कुठं खोटं सापडतंय का, म्हणून ती त्याच्या डोळ्यांत बघत राहिली. सापडलं नाही.

"अण्णांना विचारा," ती पुटपुटली.

"विचारलं. हाव म्हणले."

"माझ्याआधी त्यांना विचारलंत? का बरं?"

तिच्या भुवया उंचावल्या होत्या. हात मात्र तिनं सोडवून घेतला नाही.