अकरा जीबीची फिल्म

एका आईचे दोन मुलगे. थोरल्याचा गळा आवळून खून झाला, आणि तो केला म्हणून धाकटा कोठडीत. आईला सुनेनं पहिलीच बातमी सांगितली होती. दुसरी सांगायला जीभ रेटेना, म्हणून ती मावशींकडे आली.

मावशी शिंप्याच्या दुकानावरच्या खोलीत खासगी तपासाची कामं घ्यायच्या. कान असा, की भिंतीतली मुंगी शिंकली तरी ऐकू यावी. मदतीला जावई. माणूस सोन्यासारखा, पण डोक्यात उजेड पडायला वेळ लागायचा.

"दीरानं केलं नसेल, असं वाटतं," सून म्हणाली. "पण दोघं आठवडाभर बोलत नव्हते. सासूबाईंना कुणी ठेवायचं यावरून."

"हे तर घरोघरी असतं," जावई म्हणाला.

"तुम्ही बोलू नका, जावईबापू. तुमची आई कायम तुमच्या भावाकडेच असते."

जावयानं वही उघडली.

थोरला फिल्मचा एडिटर. कारखान्यात बॉयलर फुटून नऊ बायका गेल्या, त्यांच्या घरच्यांच्या साक्षींची फिल्म त्यानं नुकतीच पुरी केली होती. मंगळवारी स्टुडिओत तो खुर्चीत मेलेला सापडला. गळ्याभोवती निळी वायर, तिचं एक टोक त्याच्याच मशीनमध्ये खोचलेलं. डॉक्टर म्हणाले, साडेअकरा ते साडेबाराच्या मधे गेला.

स्टुडिओच्या दारावरच्या वॉचमननं सांगितलं, "भागीदारसाहेब साडेअकराला आले, लॅपटॉपची बॅग घेऊन. बाराला गेले. साडेबाराला धाकटे आले, रिकाम्या हातानं. आत गेले आणि लगेच ओरडत बाहेर."

"मधे कुणी?"

"मांजरसुद्धा नाही."

आत भिंतीवर एक रिकामी खुंटी होती. "वायर इथे असायची," सून म्हणाली. "ह्यांच्या मशीनची तऱ्हा वेगळी, भागीदारांच्या लॅपटॉपची वेगळी. एकाची डिस्क दुसऱ्याला धड चालायची नाही. मोठी फाइल द्यायची असली की हे मधे वायर जोडायचे. एरवी तिला कुणाला हात लावू देत नव्हते."

मग मावशी आणि जावई भागीदाराच्या घरी गेले. धंद्याची बोलणी तो करायचा, काम एडिटर.

"बाराला तो चांगला जिवंत होता," भागीदार म्हणाला. "फिल्म त्यानंच माझ्या पेनड्राइव्हवर टाकून दिली. अर्धा तास त्यातच गेला."

"तुकडे करून दिली?"

"छे, एकच अखंड फाइल. अकरा जीबी. स्क्रीनवरची पट्टी पूर्ण भरेपर्यंत मी शेजारी बसलो होतो."

"बघू या."

"पुसली, मावशी. तो गेल्यावर बघवेना." त्याचे डोळे भरून आले. जावयानं रुमाल पुढे केला.

"पेनड्राइव्ह नवा आहे का?"

"आठ वर्षांचा. बत्तीस जीबीचा, निम्मा रिकामा. जुन्या गाडीत हाच चालतो. मुलीनं लहानपणी म्हटलेली गाणी आहेत त्यात. दुसरीकडे कुठेच नाहीत."

"मग एक दिवस द्या. ऐकते."

दुसऱ्या दिवशी मावशींनी सगळ्यांना स्टुडिओत बोलावलं. इन्स्पेक्टरही आले. मावशींनी पेनड्राइव्ह एडिटरच्या मशीनला लावला.

"जावईबापू, ती फिल्म ह्यावर टाका."

जावयानं टाकून पाहिली. मशीननं साफ नाकारली. फाइल फार मोठी आहे, असं आलं.

"निम्मा रिकामा आहे की," जावई म्हणाला.

"कपाट रिकामं असून भागत नाही, कप्पे कसे पाडलेत ते बघायचं. ह्याचे कप्पे जुन्या पद्धतीचे, जुन्या गाडीला कळतील असे. त्यात चार जीबीच्या वरची अखंड फाइल जातच नाही."

"आधी कप्पे वेगळे असतील. मग बदलले," इन्स्पेक्टर म्हणाले.

"कप्पे बदलायचे तर कपाट अख्खं रिकामं करावं लागतं. गाणी दुसरीकडे कुठेच नाहीत, आणि ह्यात अजून वाजतायत." मावशी भागीदाराकडे वळल्या. "तुम्ही वर्षानुवर्षं जाहिराती नेल्या, अर्ध्या अर्ध्या जीबीच्या. पेनड्राइव्ह द्यायचा, भरून घ्यायचा. स्वतः कधी कॉपी केली नाहीत. म्हणून थाप मारतानाही तेच सुचलं."

"थाप म्हणजे खून नव्हे," इन्स्पेक्टर म्हणाले.

"नव्हेच. पण त्या अर्ध्या तासात एडिटर जिवंत होता, ह्याला साक्षीदार एकच, आणि तो खोटा निघाला. आता वायर बघा. गळा आवळणारा ती आधी मशीनमध्ये कशाला खोचेल? ती एडिटरनं जोडली, समोरच्याच्या लॅपटॉपसाठी. धाकटा रिकाम्या हातानं आला होता. लॅपटॉप कुणी आणला?"

मावशींनी इन्स्पेक्टरांकडे पाहिलं.

"फिल्म लॅपटॉपवर घेतली, असं हे म्हणाले असते, तर तुम्ही तो मागितला असता. आत काय आहे ते आता बघाच."

भागीदार खाली बसला. "कारखानेवाल्याची पत्रं आहेत," तो म्हणाला. "फिल्म बाहेर येणार नाही, असा मी त्याला शब्द दिला होता. एडिटरला म्हटलं, मला दे आणि तुझ्याकडची पूस. म्हणाला, देतो, पुसणार नाही. दुसरं टोक मला देऊन तो स्क्रीनकडे वळला. नंतर पुसायला गेलो, तर त्याच्या मशीनवरचं मला काही उमजेना."

सुनेनं डोळे मिटून घेतले.

संध्याकाळी जावयानं तिला गाडीनं पोलीस ठाण्यावर नेलं. दीर पायरीवर उभा होता, दाढी वाढलेली.

"वहिनी, तुम्हाला वाटलं होतं का, मीच केलं?"

"दोन दिवस वाटलं होतं."

त्यानं मान हलवली. "आईला काय सांगितलंत?"

"काहीच नाही. भावाला खांदा द्यायला आला नाही, त्याचं तोंड बघणार नाही म्हणतात."

गाडीचं दार उघडून धरलेल्या जावयाला कुठे बघावं कळेना.

"मग तेच राहू दे," दीर म्हणाला. "आत होतो, हे नका सांगू."