तीस शेजारी

कुंभेशेत धरणाच्या भिंतीत बांधतानाच चाळीस लाख कणमापक मिसळले होते. प्रत्येक कण जवळच्या तीस शेजाऱ्यांना, ते किती सरकले, हे विचारी आणि आपल्यावरचा ताण मांडी. इंदुमती टिपणीसांच्या उमेदीच्या काळात या गणितासाठी अख्खी भिंत त्रिकोणांच्या जाळीत विणावी लागे. एक कोपरा चुकला की आठवड्याचं काम पाण्यात. कणांना जाळी लागत नसे, आणि ही जाळीविरहित पद्धत इंदुमतीबाईंनीच बसवली होती.

सोमवारी भूकंपाचा हलका धक्का बसला. आज पाच वाजता जलाशय काठोकाठ भरायचा होता. त्यासाठी सल्लागार म्हणून बाईंची सही हवी होती. धरणाखाली कुसरवाडी होती आणि तिथे अभियंता रेहान मुकादमचं घर.

"बाई, भिंत ठणठणीत आहे म्हणतेय."

"भिंतीला कोण विचारतंय? बंद पडलेले कण दाखव."

पडद्यावर ते उमटले, वरपासून पायापर्यंत एका ओळीत, भेग जावी तसे. बाईंनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. शेजारी कमी पडले की गणित भरकटतं, म्हणून तीस भरेपर्यंत कणाने शोधाचं वर्तुळ वाढवायचं, हा नियम त्यांचाच.

"मधे काय आहे ते न बघता?" रेहानने विचारलं.

"मधे काँक्रीटच असणार, असं धरून चाललो होतो आम्ही."

म्हणजे कण भेगेपलीकडचे शेजारी मोजत होते आणि सरासरीत भेग बुजत होती. बाईंनी नवा नियम लिहिला: बंद पट्ट्यापलीकडचा शेजारी धरायचा नाही. वीस मिनिटांत पडद्यावर एका भिंतीच्या दोन झाल्या.

त्यांनी भरणं थांबवलं, दरवाजे हळूहळू उघडायला लावले, कुसरवाडी रिकामी करायला सांगितली. रेहानने बायकोला फोन केला. ती आधी भात उतरवते म्हणाली, तेव्हा तो पहिल्यांदाच तिच्यावर ओरडला.

मग धक्क्याने भेग किती वाढली हे पाहायला त्याने जुन्या नोंदी नव्या नियमाने सोडवल्या. सोमवारच्या आधीही भिंती दोनच होत्या. मागच्या वर्षीही. एक झाली ती अकरा वर्षं मागे गेल्यावर. त्यानंतर दरवर्षी जलाशय काठोकाठ भरला होता, बाईंच्याच सहीने.

बाईंनी विचारलं, "माझा नियम आणखी किती धरणांत आहे?"

"बासष्ट." रेहानने यादी उघडली. "कुठून सुरू करू, बाई?"

"ज्या भिंतींनी आजवर एकदाही तक्रार केली नाही, तिथून."