बुद्धप्रियाचं खोगीर

अक्कलकोट रोडला, शहर मागं पडून ज्वारीची रानं सुरू होतात तिथं, विरुपाक्ष मालकांचा घोडेस्वारीचा क्लास आहे. दिवस कलत आला होता. शिकवणाऱ्या जगदेवी मॅडम खोगीर आणायला सामानाच्या खोलीकडं निघाल्या. काम रोजचंच. उद्या सकाळी शिवजयंतीची मिरवणूक होती, अकरा वर्षांची साक्षी तिच्यात घोड्यावर बसणार होती, आणि आज तिची शेवटची तालीम. पोरगी रिंगणात पांढऱ्या घोड्याच्या मानेवरून हात फिरवत थांबली होती.

खोलीत चामड्याचा आणि तेलाचा वास नेहमीचा. पण आज त्यात घामाचाही वास होता, ताजा, नुकत्याच कुणी रपेट करून आल्यासारखा. दोन दिवस तर एकही घोडा फिरवला नव्हता.

खोगीर ठेवायच्या लाकडी घोडीवर लाल मखमल चढवलेलं खोगीर होतं. मालकांनी मिरवणुकीसाठी मुद्दाम सजवलेलं. जगदेवी मॅडमनी सवयीनं मखमल वर केली आणि तंग हातात घेतला. तंग म्हणजे खोगीर घोड्याच्या पोटाखालून आवळून धरणारा पट्टा. स्वाराचा जीव त्याच्यावरच. पट्ट्याला झकास पॉलिश होतं. पॉलिशखाली चामडं भेगाळलं होतं, आणि बकलाजवळ तुटलेल्या जागी तांब्याच्या तारेचे टाके घातले होते. बकलाचं फाटून लांबलेलं ते भोक त्यांनी ओळखलं. त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला.

हे खोगीर जाळून टाकलं, असं मालकांनी सिद्धेश्वराची शपथ घेऊन सांगितलं होतं.

दिवाळीनंतर याच खोगिरावरून पडून बुद्धप्रिया गेली. एकोणीस वर्षांची पोर, पोलिसात भरती व्हायचं म्हणून घोडा शिकत होती. दौडीत तंग तुटला, खोगीर पोटाखाली गेलं, डावा पाय रिकिबीत अडकला, आणि बुजलेल्या घोड्यानं तिला पार फाटकापर्यंत फरफटत नेलं. पट्टा बदला, पट्टा बदला, म्हणून मॅडम महिनाभर मालकांच्या कानीकपाळी ओरडत होत्या. आणि नंतर मालक काय म्हणाले? घोड्याच्या छातीवर अशुभ भोवरा होता! जमलेल्या शहाण्यांनी मोबाइलचे उजेड पाडून घोड्याच्या केसांतला भोवरा बघितला, माना डोलावल्या. पायाशी पडलेला तुटका पट्टा बघायला एकजण वाकेल तर शपथ. घोडा अकलूजच्या बाजारात विकून टाकला. मेलेली पोर बोलत नाही, घोडाही बोलत नाही. फाडा त्यांच्या नावावर बिल!

करर्र… चामडं वाजलं.

जगदेवी मॅडमनी पट्टा सोडून दिला. खोगिराची उजवी रिकीब संथपणे हलत होती. डावी हलत नव्हती. तिचं चामडं ताठ ताणलं गेलं होतं, खाली, सरळ, पाय देऊन कुणी वजन टाकल्यावर ताणतं तसं. त्यांनी बैठकीवर हात ठेवला. बैठक गरम होती.

"टाच खाली…" अगदी कानाशी, दमलेल्या श्वासातून आवाज आला. "नजर समोर… पाय चवड्यापुरताच आत…"

हे त्यांचेच शब्द होते. पहिल्या दिवशी प्रत्येक पोराकडून त्या घोकून घ्यायच्या.

"बुद्धप्रिया… तू हायस का गं?"

हळूच उत्तर आलं, "मॅडम… तिला न्हाय बसवायचं हितं…"

मॅडम रिकाम्या हातानं बाहेर आल्या. मालक फेटा घेऊन साक्षीपुढं उभे होते, आणि पोरीचं हेल्मेट त्यांनी काढून खांबाला टांगलं होतं.

"खोगीर कुटं हाय?"

"पोरगी त्याच्यावर बसणार न्हाय, मालक. आणि हेल्मेटबिगर तर अजिबात न्हाय."

"फेट्यावर हेल्मेट घालू का? लोकं हसतील की!"

"हसू देत. तंग कुजलाय. एक पोर खाल्ली की त्यानं, अजून किती पाहिजेत तुमाला?"

"पट्ट्यानं खाल्ली व्हय?" मालक भडकले. "तिलाच बसता येत न्हवतं. थांबा, मीच बसून दावतो."

त्यांनी स्वतः खोगीर आणून घोड्यावर टाकलं, तंग आवळला आणि वर चढले. घोड्यानं कान मागं पाडले, पण चालू लागला. जगदेवी मॅडमनी साक्षीला हाताला धरून कठड्याबाहेर ओढलं. वळणावर फाटकन आवाज झाला. तंग तुटला. त्याची दोन्ही टोकं घोड्याच्या पोटाखाली लोंबू लागली.

खोगीर हललं नाही.

एवढा जाडजूड माणूस, खाली पट्टा नाही, तरी खोगीर जागचं तसूभर सरकेना. दोन्ही बाजूंनी कुणीतरी गच्च धरून चालत असल्यासारखं. मालक एक पूर्ण फेरी मारून आले, डाव्या बाजूनं सावकाश उतरले आणि हसले.

"बघा! कुटं काय झालं?"

ते उतरले आणि खोगीर धपकन खाली पडलं. तुटका तंग सगळ्यांसमोर पसरला. मालकांनी तो बघितला. नीट बघितला. क्षणभर त्यांचा चेहरा उतरला, आणि जगदेवी मॅडमना वाटलं, आता तरी हा माणूस बोलेल. तोंडातून एकदा तरी त्या पोरीचं नाव निघेल.

"घोडाच खोडील हाय ह्यो," मालक म्हणाले. "अकलूजला इकून टाकू."

मॅडमनी कमरेची सुरी काढली आणि त्यांच्या डोळ्यांदेखत रिकिबीचे पट्टेही कापून टाकले. "आता बसवा कुणाला बसवायचं त्याला," त्या म्हणाल्या. मालक शिव्या देत फाटकाकडं चालू लागले.

उजेड अजून होता. तालमीसाठी रिंगणातली माती नुकतीच फणीनं सारखी केली होती, त्यामुळं मालकांच्या बुटांचे ठसे स्वच्छ उमटत होते. डाव्या ठशांच्या मागून एक रुंद चर पडत होती, माणसाच्या अंगाएवढी. मालक ताठ चालले होते, पाय कुठं अडत नव्हता. पण ते पाऊल टाकतील तसतशी चर पुढं सरकत होती, मातीत मधूनच पाच बोटांचे ओरखडे उमटत होते.

"मॅडम," साक्षीनं त्यांचा पदर धरला, "मालक मागं काय वढत न्यायलेत?"

हाक मारायला जगदेवी मॅडमनी तोंड उघडलं होतं. त्यांनी ते मिटलं. मालक फाटकातून बाहेर पडले, आणि त्यांच्यामागून चर घराच्या वाटेला लागली.