बिनश्वासाचं गाणं

पोहायला शिकवणारा तो मास्तर चष्म्याच्या दुकानात शिरला, तेव्हा त्याच्या चष्म्याची दांडी पार वाकलेली होती. तलावाच्या काठावर तो स्वतःच त्यावर बसला होता. दुकानातली मुलगी दांडी सरळ करत असताना तिला त्याच्या खिशात एक छोटंसं रेकॉर्डिंगचं यंत्र दिसलं. दोनच बटणं. गाणं सुचलं की दाबायचं, गायचं, बंद करायचं. चुकलं तर चुकलं, असं तो म्हणाला आणि इतकं मोकळं हसला की तिच्या हातातला स्क्रू निसटला.

इथे तिने गप्प बसायला हवं होतं. पण नाही! माझ्या घरी कॉम्प्युटरवर भलंमोठं सॉफ्टवेअर आहे, आवाजाचे चाळीस थर चढवता येतात, असं ती सांगून बसली. मग ऐकवा की, तो म्हणाला.

खरं तर बाईसाहेबांचा सूर जन्मापासून बेभरवशाचा. अकरा दिवस खपून तिने एकेक चुकार सूर पडद्यावर ओढून जागेवर बसवला, खरखर पुसली, मधेच आलेली आईची हाक पुसली आणि गाणं पाठवून दिलं. त्याचं उत्तर आलं, "दिवसभर तेच ऐकतोय."

त्या एका ओळीवर ती आठवडाभर तरंगली... आणि मग बुडाली. कारण त्याने विचारलं, दोघं मिळून गाऊ या का, माझ्या यंत्रावर? घसा बसलाय, तिने कळवलं. मग सर्दी झाली. मग दाढ दुखली. झाकली मूठ सव्वा लाखाची हे खरं, पण ती झाकायची तरी किती दिवस? त्याचा मेसेज आला की लाजेने तिचे कान तापत.

शेवटी एका दुपारी तो ओल्या केसांनिशी दुकानातच आला. यंत्र काउंटरवर ठेवून म्हणाला, यायचं नसेल तर तसं सांगा, मी पुन्हा विचारणार नाही.

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुकानातल्या सगळ्या आरशांत तिचाच लालबुंद चेहरा.

"ते गाणं... आवाज माझाच आहे, पण सूर मशीनने लावलेत. मला धड दोन ओळी गाता येत नाहीत."

तो म्हणाला, "माहीत होतं."

"काय?"

"चार मिनिटांत तुम्ही एकदाही श्वास घेतला नाहीत. मी दिवसभर लोकांना श्वास घ्यायला शिकवतो हो... माझ्या लक्षात नाही येणार?"

म्हणजे हा पहिल्या दिवसापासून — तिला रडूच यायला लागलं. "मग मला हरभऱ्याच्या झाडावर कशाला चढवलंत?"

आता मान खाली घालायची पाळी त्याची होती. "खोटं बोललो. गाणं एकदाच ऐकलं. खरं सांगितलं असतं तर तुम्ही परत बोलला नसता."

त्याने बटण दाबलं. आता हा आपल्याला गायला लावणार, या धास्तीने ती मागे सरकली, पण तोच यंत्रावर झुकला. "मला... म्हणजे तुम्ही मला... आवडता." शेवटच्या शब्दाला त्याचा आवाज चिरकला.

"पुन्हा घ्यायचं का?" तिने हळूच विचारलं.

"नको. राहू दे तसंच."

तिची लाज काही गेली नव्हती. तरी ती पुढे आली, चांगला ऐकू येईल असा श्वास घेतला आणि त्याच गाण्याची पहिली ओळ गायली. दुसऱ्याच शब्दाला सूर घसरला. तिने त्याच्याकडे पाहिलं आणि गात राहिली.