सातवी ओळ

हिरव्यांनी गोल केला आणि अख्खं मैदान उभं राहिलं. बसून राहिली ती एकटीच... बूटवाली. आणि तेही गळ्यात हिरवा मफलर घालून!

आता तिचा तरी काय दोष? जी मुलगी लहानपणापासून पिवळ्यांसाठी घसा बसेपर्यंत ओरडली, तिचे हात हिरव्यांच्या गोलवर टाळ्या वाजवायला उठतील कसे? भानावर आली तोवर उशीर झाला होता. शेजारचा चष्मेवाला माणूस गोलकडे बघायचं सोडून तिच्याकडेच बघत होता.

"पाय दुखतोय का?" त्यानं विचारलं.

"हो... म्हणजे, डावा."

"अस्सं? मघाशी तर पायऱ्या धावत चढलात."

तिनं घाईघाईनं डावा पाय चोळला. पहिल्याच दिवशी पकडली गेले की काय मी!

गोष्ट अशी होती. नदीच्या अलीकडे पिवळे, पलीकडे हिरवे आणि मधे एक पूल. दोन्ही फुटबॉल संघ तसे छोटेच. खेळाडू दिवसभर कुठे वेल्डिंग करणार, कुठे टपाल वाटणार आणि संध्याकाळी बूट चढवणार. पण वैर मात्र असं, की विचारू नका. पिवळ्यांच्या चाहत्यांची एक जुनी रीत होती. हंगाम सुरू होण्याआधी आपल्यातल्या एकानं गुपचूप पलीकडे जायचं, हिरव्यांचे सरावाचे सामने बघायचे आणि त्यांच्या कच्च्या बाजू एका वहीत उतरवायच्या. हिरव्यांशी पहिल्या सामन्याच्या आदल्या संध्याकाळी अध्यक्षांनी ती वही सगळ्यांसमोर वाचायची आणि प्रशिक्षकांनी त्यावरून डाव आखायचा. अध्यक्ष म्हणजे बूटवालीचे बाबा. प्रशिक्षक म्हणजे शहर बस चालवणारे काका. आणि सभा भरायची ती बाबांच्या बूटदुरुस्तीच्या दुकानात, सोल आणि खिळ्यांच्या डब्यांमध्ये.

अकरा वर्षं झाली, पिवळ्यांनी हिरव्यांना हरवलेलं नव्हतं. बाबा यंदा अध्यक्षपद सोडणार होते. "एकदा, फक्त एकदा जिंकलेलं बघू दे," असं ते रोज सकाळी दुकान उघडताना म्हणायचे. म्हणून यंदा वही लेकीच्या हातात आली. तिची नजरच तशी होती. बुटाचा तळ कुठे झिजलाय यावरून ती माणसाची चाल सांगायची. "माणूस तोंडानं थापा मारेल हो, टाच मारत नाही," हे तिचं ठरलेलं वाक्य.

"आपला डावा बचावपटू कसा वाटतो तुम्हाला?" चष्मेवाल्यानं विचारलं.

तिला राहवलं नाही. "टाच आतून झिजवतो. वळायला वेळ लावणार तो."

"टाच? इतक्या लांबून दिसली?"

"दिसते. तुम्हाला नाही दिसली?"

"मला बाकीचं बरंच दिसतं," तो हसला. "पुलाच्या तोंडाशी माझं चष्म्याचं दुकान आहे."

"तरीच! टक लावून बघायची सवय आहे तर."

"डोळ्यांत बघणं हा माझा धंदाच आहे."

बूटवालीनं पटकन मफलर गालापर्यंत ओढला. गाल गरम झाले होते... आणि तेही हिरव्या माणसामुळे! घरी जाताना पुलावर ती स्वतःलाच म्हणाली, "अगं, शुद्धीवर ये!"

पण पुढच्या रविवारी ती अर्धा तास आधीच पोचली. तिच्या शेजारची जागा त्यानं पिशवी ठेवून धरली होती.

मग रविवारांमागून रविवार गेले. तो कागदाच्या पुडीतले शेंगदाणे आणायचा. ती त्याला टाचा आणि घोटे दाखवायची, तो तिला नजरा दाखवायचा. "तो आघाडीवाला बघा, पास द्यायच्या आधी दोनदा पापणी मिटतो." ती मनातल्या मनात लिहून घ्यायची. तिसऱ्या रविवारी मध्येच बारीक सर आली आणि त्यानं छत्री उघडली. छत्रीही हिरवीच! ती क्षणभर बाहेर भिजत उभी राहिली.

"आत ये ना. रंग लागत नाही हिचा."

'या' नव्हे... 'ये'. तिनं ऐकलं, त्यानंही आपलं आपण ऐकलं. दोघंही मैदानाकडे बघत राहिले. सामना कोण जिंकलं हे त्या दिवशी तिला सांगताच आलं नाही, आणि वहीचं पानही कोरंच राहिलं.

चौथ्या रविवारी सामना संपल्यावरही तो उठला नाही. गोलच्या जाळीकडे बघत म्हणाला, "तो गोलकीपर माझा धाकटा भाऊ आहे."

तिच्या हातातला शेंगदाणा तसाच राहिला. हिरव्यांची भिंत म्हणतात तो? ज्यानं पिवळ्यांची अकरा वर्षं खाल्ली, तो याचा धाकटा?

"उन्हाळ्यात त्याचा उजवा खांदा निखळला होता," तो हळूच म्हणाला. "उजवीकडे झेप घेताच येत नाही त्याला. नुसता उभा राहून वेळ मारून नेतोय. आईलासुद्धा बोललेलो नाही."

"मग... मला का सांगतोस?"

"कुणाला तरी सांगावंसं वाटलं." त्यानं चष्मा काढून पुसला. चष्म्याशिवाय तो अगदी निराधार दिसत होता. "कुणाला सांगणार नाहीस ना?"

"नाही सांगणार," ती म्हणाली. खांद्यातलं तिला काही कळत नव्हतं, तिचं सगळं ज्ञान घोट्याच्या खालचं. त्याच्यावर विश्वास ठेवण्यावाचून दुसरा मार्गच नव्हता, आणि खरं सांगायचं तर दुसरा मार्ग तिला नकोच होता.

दुकानात आल्यावर हातानं सवयीनं पेन्सिल उचलली. सहा ओळी आधीच होत्या. सातवी लिहून झाली, तेव्हा ती काय लिहून बसलीय हे तिला उमगलं. 'गोलकीपर. उजवा खांदा. उजवीकडे झेप नाही.' ती नुसती बघत राहिली. या एका ओळीत बाबांचा जन्माचा आनंद होता. आणि याच ओळीत एका माणसानं चष्मा काढून टाकलेला विश्वास होता.

खोडरबर शोधायलाही ती थांबली नाही. समोर काळ्या पॉलिशची डबी उघडीच होती. तिनं अंगठा बुडवला आणि ती ओळ या टोकापासून त्या टोकापर्यंत काळी करून टाकली. आता बघू म्हणावं कोण वाचतंय ते!

सामन्याच्या आदल्या संध्याकाळी दुकान गच्च भरलं. आत्यानं सगळ्यांना चहा दिला. बाबांनी वही उघडली, घसा खाकरला. डावा बचावपटू, आघाडीवाला, पापण्या... एकेक ओळीला माना डोलत होत्या. सहावी ओळ झाली. बूटवालीनं सुटकेचा श्वास सोडला.

"आणि सातवी," बाबा म्हणाले. "गोलकीपर. उजवा खांदा. उजवीकडे झेप नाही."

तिच्या हातातला कप खाली पडला. फुटला तो कप, पण पांढरी पडली ती!

"बाबा... ती ओळ तर..."

"पॉलिश सांडलं होतं ना त्यावर?" बाबा खुशीत होते. "चाळीस वर्षं पॉलिश लावतोय आणि काढतोय मी. टर्पेंटाइनच्या फडक्यानं अलगद पुसलं. पेन्सिल जशीच्या तशी!"

"ती काढा, बाबा. खोटी असेल ती."

"खोटी असती तर तू अशी घाबरली असतीस का?" आत्या तिच्याकडे रोखून बघत म्हणाली. आत्याच्या नजरेतून काही सुटायचं नाही.

पण बसवाले काका तर उठूनच उभे राहिले होते. "झालं! उद्या सगळे फटके त्याच्या उजवीकडे!" दुकानात एवढा जल्लोष झाला की खिळ्यांचे डबे वाजले. तिचं बोलणं कुणाच्या कानावर गेलंच नाही. बाबांनी तिला मिठी मारली. अकरा वर्षांत इतकं खुशीत त्यांना तिनं पाहिलं नव्हतं, आणि त्या मिठीत ती लाकडासारखी उभी होती. सकाळी पहिल्या उजेडाला त्याला सावध करायला ती पुलापलीकडे धावली. त्याच्या दुकानाला कुलूप. तो संघाबरोबर कधीच गेला होता.

सामना सुरू झाला. पहिला फटका उजवीकडे गेला आणि धाकट्यानं तो अलगद झेलला. असेल, जवळच होता. दुसराही उजवीकडे... बोटांनी बाहेर ढकलला. तिसऱ्याला तर तो उजवीकडे असा काही उडाला, की बसवाल्या काकांचा आ वासलेला तसाच राहिला. निखळलेला खांदा? तो खांदा नव्हता, दरवाजा होता दरवाजा, बंद केलेला!

एका गोलनं हिरवे पुढे होते. शेवटच्या मिनिटाला पिवळ्यांना पेनल्टी मिळाली. त्यांच्या पोरानं डोळे मिटून विश्वासानं उजवीकडे मारली आणि धाकट्यानं ती छातीशी धरली, जणू वाटच बघत बसला होता.

बाबांनी मफलर काढला, नीट घडी केली आणि खिशात ठेवला. बूटवालीनं ते पाहिलं. हरल्याचं दुःख एकीकडे... पण तो खोटं बोलला! चष्मा काढून, डोळ्यांत बघून खोटं बोलला!

दुसऱ्या दिवशी सकाळी ती त्याच्या दुकानात शिरली ती वादळासारखीच.

"खोटारडा!"

तो काउंटरमागे उभा होता. हसला नाही. "मी खोटारडा, मान्य. आणि तू? कुणाला सांगणार नाही म्हणाली होतीस."

तिनं नजर खाली वळवली.

"पहिल्याच दिवशी ओळखलं होतं तुला," तो म्हणाला. "आमच्या गोलला कुणी असं कडू औषध प्यायल्यासारखं तोंड करतं? पिवळ्यांच्या वहीची रीत आमच्याकडे पोरांनाही ठाऊक आहे. मला वाटलं, आली असेल वहीसाठी. मग वाटायला लागलं, माझ्यासाठी येतेय. मला कळेचना, वेड लागायची पाळी आली. म्हणून सांगितलं खोटंच काहीतरी. म्हटलं, तिनं हे पोटात ठेवलं तर..." तो थांबला. "पण तिसराही फटका उजवीकडे आला, तेव्हा समजलो काय ते."

"म्हणजे परीक्षा घेतलीस माझी? मी काय शाळेत होते?"

"नापास झालीस, त्याचं काय?"

एक वाक्य बोलली असती तर सुटली असती. पण त्या वाक्यात बाबांचं नाव येत होतं. कालपासून घास गिळला नाही त्या माणसानं... आणि आता त्याच्यावर खापर फोडायचं? तिनं ओठ दाबून धरले. डोळे भरले तेवढे मात्र धरता आले नाहीत.

तेवढ्यात दाराची घंटी वाजली आणि दारात बाबा!

सामना सोडला तर जो माणूस वर्षानुवर्षं पूल ओलांडत नव्हता, तो हिरव्यांच्या दुकानात उभा होता. चष्मेवाल्याच्या हातातली फ्रेम काउंटरवर पडली. बाबा कुणाकडेही न बघता आत आले आणि डोळे तपासायच्या खुर्चीत बसले.

"तुझ्या आत्यानं सगळं सांगितलं मला," ते लेकीला म्हणाले. "तिला तू काही बोलली नव्हतीस, पण काल पहाटे तू या दुकानाकडे धावलीस ते तिनं पाहिलं होतं, बाकीचं ताडलं." मग त्यांनी काखेतली वही काढली आणि चष्मेवाल्यापुढे धरली. "माझे डोळे नंतर तपास. आधी तुझे बघू. हे काय दिसतंय?"

"सातवी ओळ," तो म्हणाला.

"ते अक्षर झालं. भोवती काय आहे?"

त्यानं वही उजेडात नेली. पुसलेल्या पॉलिशचा काळा पट्टा ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत होता. आणि शेवटी, जिथे हात थांबला होता आणि फडकं पोचलं नव्हतं तिथे, अंगठ्याचा ठसा. रेघ न् रेघ स्पष्ट.

"तिनं बुजवलं होतं," बाबा म्हणाले. "मी पुसून वाचलं. मला वाटलं पॉलिश सांडलं. मूर्ख मी. सामना मी घालवला, तिनं नाही."

चष्मेवाल्यानं त्या ठशावर बोट ठेवलं.

"तुला ते खरं वाटत होतं," चष्मेवाला हळूहळू म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला होता. "याच्यावर पिवळे जिंकतील, अकरा वर्षांनी जिंकतील, असं वाटत होतं... आणि तरी तू..."

"हो."

"मी खोटं बोललो, आणि तू त्या खोट्यासाठी..."

"हो म्हटलं ना!" ती रडता रडता ओरडली. "किती वेळा विचारशील?"

त्यानं चष्मा काढला. पुसला नाही, नुसता हातात धरून उभा राहिला. "नापास मी झालो," तो म्हणाला. "माफ कर मला. नाही केलंस तरी चालेल... पण उद्या येऊन पुन्हा मागीन. परवाही."

बाबांनी खुर्चीतल्या खुर्चीत चुळबुळ केली. "ते माफीचं तुमचं तुम्ही बघा. माझ्या अकरा वर्षांचं काय? नुकसान झालंय माझं. भरून दे."

"कसं?"

"पुढच्या महिन्यात परतीचा सामना आहे. एक खरी कच्ची बाजू सांग. एकच. पण खरी!" आणि त्यांनी कानावरची पेन्सिल काढलीसुद्धा.

चष्मेवाल्यानं बूटवालीकडे बघितलं. चष्मा नव्हता, तरी अगदी नीट बघितलं.

"धाकट्याची नाही सांगणार. थोरल्याची सांगतो. लिहा. त्याला समोर उभी असलेली तुमची मुलगी सोडून दुसरं काही दिसत नाही."

बाबांची पेन्सिल हवेतच थांबली. त्यांनी आधी त्याच्याकडे, मग लेकीकडे पाहिलं. तिचे कान लालबुंद झाले होते.

"हे... वहीत घ्यायचं का गं?" त्यांनी विचारलं.

तिनं वही ओढून घेतली, आठवा आकडा स्वतःच घातला आणि वही पुन्हा त्यांच्या मांडीवर ठेवली.

"घ्या, बाबा," ती म्हणाली. "फक्त बसवाल्या काकांना वाचून दाखवू नका."